काकूंच्या राणीसाहेब

आमच्या काकू साऱ्या गल्लीला अरे-तुरे करायच्या. भाजीवाला असो, कोर्टातला वकील असो, नाहीतर देवळातले पुजारी असोत, "काय रे, कुठं तडमडला होता इतके दिवस?" अशीच सुरुवात. 'अहो' म्हणायच्या त्या फक्त दोघांना. एक आमचे काका आणि दुसरी त्यांची म्हातारी घोडी. त्यातही काकांना 'अहो' म्हणताना आवाजाला धार असायची आणि घोडीशी बोलताना तोच आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा. काका म्हणायचे, "पुढच्या जन्मी मी घोडाच होणार. या घरात माणसापेक्षा बरं."

मी लग्न होऊन बऱ्हाणपुरात आले तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या यजमानांच्या या सख्ख्या काकू. अंगण एकच, चुली मात्र दोन. पहिल्याच सकाळी पलीकडच्या पडवीतून ऐकू आलं, "उठता का राणीसाहेब? ऊन आलं ना हो अंगावर." कुणी मोठ्या मानाच्या सासूबाई असतील म्हणून मी पदर सावरला, नमस्काराला गेले, तर कुडावरून एक पांढरं लांबट तोंड बाहेर आलं आणि माझ्या डोईवरच्या गजऱ्याचा वास घेऊ लागलं. मी किंचाळले. काकू हसून म्हणाल्या, "भिऊ नको, सूनबाई. तिले दात नाहीत. या घरात चावणारी मी एकटीच."

घोडी कसली, टट्टूच ती. ती वर्षं संस्थानं विलीन होण्याची. राजेलोकांच्या पागा मोडल्या, चांगली जनावरं हातोहात गेली आणि उरलेली कुठं टांग्याला, कुठं वीटभट्टीवर जुंपली गेली. कुण्या राजघराण्यातल्या मुलांना पाठीवर घेऊन फिरवणारी ही घोडी म्हातारपणी विटा वाहायला लागली. काकू ताप्तीवर स्नान करून परत येत होत्या, तर घाटाच्या चढावर ही विटांसकट कोसळलेली आणि मालक तिला काठीनं बडवतोय. काकू ओल्या लुगड्यानिशी मध्ये जाऊन बसल्या. "मार. आता मले मार. ती मुकी आहे, मी तरी ओरडेन, तुले मजा येईल." तो माणूस वैतागला. "घेऊन जा माय, उद्या मरणारच आहे ती," म्हणाला आणि विटा दुसऱ्या जनावरावर चढवून निघून गेला.

ती उद्या काही मेली नाही. काकूंनी पाठीवरच्या जखमा हळद-तेलानं भरून आणल्या. दात नव्हते, म्हणून कोंडा आणि भरडा कोमट पाण्यात भिजवून द्यायच्या. देण्याआधी बोटानं चाटून मीठ बघायच्या. काकांच्या आमटीचं मीठ त्यांनी कधी इतकं बघितलं असेल असं मला वाटत नाही! त्यांना मूल नव्हतं. गल्लीतल्या बायका मागून कुजबुजायच्या, "मूल नाही म्हणून हे वेड." काकूंच्या कानावर ते एकदा गेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मूल असतं तरी हिले पडवीत बांधलं असतं. मूल हिच्यासंगं खेळलं असतं, एवढाच फरक."

आमच्याकडे नवरदेव घोडीवर बसून मिरवतो. पांढरी घोडी गल्लीत आहे म्हटल्यावर लग्नसराईत कुणी ना कुणी यायचंच. "काकू, देवळापर्यंतच न्यायची. पोरगा हलका आहे आमचा." काकू त्या हलक्या पोराला आपादमस्तक न्याहाळायच्या. "याले पाय नाहीत काय? जन्मभर बायकोच्या पाठीवर बसणारच आहे, आजच्या दिवस चालू दे." लोक रागवायचे, पण तीच माणसं दुसऱ्या दिवशी घोडीसाठी कोवळा लुसलुशीत चारा घेऊन यायची. हळूहळू ती साऱ्या गल्लीचीच राणीसाहेब झाली.

पोळ्याला मात्र काकूंची अडचण व्हायची. पोळा बैलांचा. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल दारोदार यायचे, बाया औक्षण करायच्या, पुरणपोळी भरवायच्या, आणि ही बिचारी पडवीतून मान काढून बघत राहायची. मग काकू तिलाही कुंकू लावायच्या आणि बोटभर पुरण जिभेला चाटवायच्या. बोटभरच. "म्हातारं पोट आहे. लाड जिभेचे करायचे, पोटाचे नाही," असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी धूलकोटहून निरोप आला, की काकूंचा भाऊ अंथरुणाला खिळलाय. काकू निघाल्या. जाताना काकांना चार वेळा बजावलं, "कोंडा भिजवून. दुसरं काही नाही." काका म्हणाले, "अगं, मी काय लहान आहे का?"

पोळ्याच्या दुपारी गल्ली जमली. कुणीतरी म्हणालं, "काकू नाहीत म्हणून राणीसाहेबांचा पोळा चुकायचा काय?" काकांना ते पटलं. नुसतं पटलं नाही, त्यांना उत्साहच आला. काकूंची जरीची जुनी शाल त्यांनी घोडीच्या पाठीवर घातली, गळ्यात माळ घातली आणि तिला बैलासारखी दारोदार नेली. आल्यावर काकू ऐकतील, खूश होतील, एवढाच त्या भोळ्या माणसाचा हिशेब. प्रत्येक दारात औक्षण झालं, प्रत्येक दारात पोळी. जो तो म्हणत होता, एका पोळीनं काय होतंय! तूप लावून, दुधात कुस्करून, प्रेमानं भरवली हो. आणि ती म्हातारीही खात गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिची मिरवणूक निघाली होती, पाठीवर कुणी न बसता.

संध्याकाळी ती पोटाकडे वळून-वळून बघू लागली. मग लोळू लागली, पाय झाडू लागली. काकांनी तेल पाजलं, अंगणात फिरवून-फिरवून स्वतःच्या पायांत गोळे आणले. सकाळी ढोरांचे डॉक्टर आले, पोटाला कान लावला आणि म्हणाले, "आतड्याला पीळ पडलाय. आता उपाय नाही. ही अशीच तडफडत राहील. तुम्ही म्हणाल तर सुई देऊन मोकळी करतो." काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हो म्हणायची त्यांची छाती नव्हती आणि नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

तेवढ्यात भावाला भेटून काकू बसमधून उतरून आल्या. वाटेतच कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. आधी डॉक्टरांवर तुटून पडल्या. "औषध दे ना! शिकून आला ना तू? मग दे की काहीतरी!" डॉक्टर म्हणाले, "उपाय असता तर दिला असता, काकू." काकू घोडीच्या डोक्याशी बसल्या, ते जड डोकं मांडीवर घेतलं. ओठ हलवत ती काकूंचा तळहात चाचपत होती. एक कळ आली आणि सगळं अंग थरथरलं. काकूंनी डॉक्टरांकडे बघून मानेनंच हो म्हटलं.

"दुखतं ना हो लई?" त्या तिच्या कानाशी म्हणत होत्या. "बस, थोडंसंच राहिलं आता. मी बसली आहे ना इथंच. कुठं जात नाही."

सुई दिल्यावरही बराच वेळ त्या ते डोकं खाली ठेवेनात. माझ्या आयुष्यात मी पुढं जवळची खूप माणसं जाताना बघितली, पण त्या सकाळसारखी कधी रडले नाही.

दुपारी बैलगाडीतून तिला गावाबाहेरच्या आमच्या शेतात नेलं. बैलांच्या शिंगांवर कालचाच रंग होता. कापसाच्या बांधालगत खड्डा केला. सारी गल्ली आली होती आणि सारी गल्ली एकाच गोष्टीच्या धाकात होती. काकूंची जीभ आम्हाला ठाऊक होती. आता या काकांना सोडणार नाहीत, एका छपराखाली हे दोघं पुन्हा कसे नांदणार, याची मला खरंच भीती वाटत होती. परत आल्यावर शेजारच्या बाईंनी हात जोडले. "काकू, चूक आमची झाली. बोला आम्हाला."

काकू ओट्यावर टेकल्या. "उपाशी मारलं असतं तर शिव्या दिल्या असत्या," त्या म्हणाल्या. "खाऊ घालून मारलं. त्याले काय म्हणू मी?"

त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. बाया डोळे पुसत घरी गेल्या.

काका आदल्या दिवसापासून उपाशी होते. दिवे लागायच्या वेळेला काकूंनी वरणभात केला, पाट मांडला आणि त्यांच्यासमोर ताट ठेवलं. काका जागचे हलेनात. "मी तुझ्या हातचं खाऊ कसं?" एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

"मुकाट्यानं जेवा," काकू म्हणाल्या. "आता या घरात खाऊ घालायले तुम्हीच राहिले."

काकांनी दोन घास कसेबसे गिळले. काकू आणखी भात वाढायला वाकल्या. काकांनी ताटावर हात आडवा धरला. "पुरे."

आमच्याकडे पुरे म्हणणाऱ्याला कुणी सोडत नाही. काकू तर हात बाजूला सारून वाढणाऱ्या. त्या दिवशी मात्र त्यांचा हात तिथल्या तिथं थांबला आणि भात पातेल्यात परत गेला. त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या, सणवार झाले, पंगती उठल्या, पण काकूंनी पुन्हा कधी कुणाला जेवताना आग्रह केला नाही.