आईची हजेरी आणि माझा साठेबाजीविरोध

एकाच गोष्टीच्या दोन प्रती तुम्ही कुठल्या तोंडानं ठेवता? हा प्रश्न गेल्या वर्षापर्यंत मी ज्याला त्याला विचारायचे. आता विचारत नाही, कारण आईचा शाळेतला शेवटचा दिवस मी तत्त्वासाठी पुसून टाकला.

आमच्या घरी बाराखडीच्या आधी पत्रकं आली. पप्पा दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी आमच्या नाशिकच्या कॉलनीचे पत्रकलेखक. मी वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य म्हणजे 'साठेबाजी बंद करा'. (त्याच पत्रकाचे गठ्ठे दिवाणाखाली साठवलेले आहेत, हे मी नववीत असताना त्यांना सुनावलं. त्यांनी गठ्ठे आणखी आत सरकवले.)

आई पेठच्या पुढे एका पाड्यावर शिक्षिका. तिच्या निवृत्तीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन गेले, पण तो माझ्या लघुपटासाठी. डोंगरातून द्राक्षबागांकडे कामाला जाणारी कुटुंबं आणि मागे रिकामे होणारे वर्ग! मला जग हादरवायचं होतं. तेवढ्यात आईनं हजेरी सुरू केली आणि मी जग विसरले. जानेवारीचं धुकं खिडकीतून आत येऊन मागच्या पोरांत बसलं होतं. 'हजर बाई' असे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते. यमुनाचं नाव आलं तेव्हा कुणीच बोललं नाही.

"ती नाय आली बाई," तिची मैत्रीण म्हणाली. "आईबापासंगं बागेत गेली."

"तिची जागा ठेवा," आई म्हणाली. वहीत कसलीच खूण न करता तिनं पुढचं नाव घेतलं. दोन मुली सरकल्या आणि मध्ये एक यमुना मावेल एवढी सतरंजी मोकळी झाली.

क्लिप चार मिनिटांची. कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात आईचा सत्कार ठरला, तिथं दाखवायला मी निरोपाची फिल्म करणार होते. आईनं एवढंच सांगितलं की बाकी काही दाखव न दाखव, हजेरी दाखव. तिला पोरांना पुन्हा बघायचं होतं.

निरोपाची फिल्म हा वेगळा प्रोजेक्ट. लघुपटातून हजेरी तिकडे नेताना सॉफ्टवेअरनं विचारलं: मूळ फाइलची प्रत करून नेऊ, की फाइल आहे तिथंच ठेवून फक्त तिचा पत्ता नेऊ? मला भरून आलं. एक क्लिप, दोन प्रोजेक्ट, सामाईक मालकी! मी पत्ता निवडला.

सत्काराच्या रविवारी दुपारी लॅपटॉपची जागा संपली. लघुपटाचं फोल्डर सर्वांत फुगलेलं. त्यातलं चांगलं तर आईच्या फिल्ममध्ये गेलंच आहे, असं म्हणत मी ते उडवलं आणि कचरापेटीही रिकामी केली. कॅमेऱ्याचं कार्ड आधीच पुसून मैत्रिणीला परत दिलेलं (कशावरही ताबा नको). मग फिल्म तयार व्हायला लावली आणि पंख्याखाली पडले. लॅपटॉपवरची पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. मला वाटत होतं मी होडीत आहे, आणि काठावरून मुलं हजर, हजर म्हणताहेत. तयार फिल्म मी एकदाही बघितली नाही.

सभागृह भरलं. आई पुढच्या रांगेत चष्मा पुसून तयार. फिल्ममध्ये शेजाऱ्यांची मनोगतं झाली, जुने फोटो झाले, आणि हजेरीच्या जागी पडदा लालभडक झाला. वर पांढऱ्या अक्षरांत: मीडिया ऑफलाइन. पत्त्यावर फाइलच नव्हती.

"आपल्या विहारात लाल?" पप्पांचे मित्र पगारेकाका मागून म्हणाले. "निळा नव्हता का मिळाला, प्रज्ञा?"

सगळे हसले. मी प्रोजेक्टरमागे जमिनीवर बसले. पप्पा वाकून आले.

"प्रत कुठंय?"

"पत्ता आहे."

"आणि घर?"

"मीच पाडलं."

"मी पत्रकं शंभर छापायचो," पप्पा म्हणाले, "तेव्हा कुठं दोन उरायची."

लाल रंग चार मिनिटं हटणार नव्हता. आई उठली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि वहीशिवाय हजेरी घ्यायला लागली. पहिल्या नावाला शांतता. दुसऱ्याला पगारेकाकांनी हात वर केला, "हजर बाई." मग अख्खी कॉलनी पाड्यावरची पोरं झाली. गुडघे दुखणारे आजोबासुद्धा उभं राहून हजर म्हणत होते. यमुनाच्या नावालाही कुणीतरी ओ दिली.

"ती नाही," आई म्हणाली. "तिची जागा ठेवा." दोन आज्या मुकाट्यानं सरकल्या.

शेवटी तिनं माझं नाव घेतलं. मी प्रोजेक्टरमागेच बसून राहिले.

"हिचीही ठेवा," आई म्हणाली. "येईल."

तर विनंती अशी. त्या रविवारी तुम्ही सभागृहात असाल आणि फोनवर ही हजेरी टिपली असेल, तर मला पाठवा. अख्खी फाइल पाठवा, नुसता पत्ता नको. आणि तुमच्याकडची पुसू नका. मी पाच प्रती ठेवणार आहे. दिवाणाखाली तेवढी जागा करायला पप्पांनी एक गठ्ठा सरकवून दिलाय.