आरतीच्या आवाजात फुटलेल्या काचा

गुरुवार, सकाळची हजेरी. हजर: मी, एक फौजदार, एक महिला हवालदार, दोन शिपाई आणि जीपचा चालक. बाकी सगळे गड्ड्याच्या यात्रेच्या बंदोबस्ताला. सोलापुरातल्या माझ्या ठाण्यात त्या दिवशी एवढीच माणसे होती, आणि संध्याकाळपर्यंत एका माणसाची नोकरी वाचवायची होती. ते प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेले नाही. जाऊ द्यायची माझी इच्छाही नाही.

शहराच्या कडेला एक कॉलनी आहे. घरे मोठी, पण आवारात बागा. गाड्या सगळ्या रस्त्यावर. त्या गाड्यांच्या मागच्या काचा फुटू लागल्या. कुणाचा लॅपटॉप गेला, कुणाची पर्स, कुणाचा गाडीतला म्युझिक प्लेअर. अशा तक्रारींवर आमच्या खात्यात एक सोयीचे औषध आहे. तक्रारदाराला चहा द्यायचा आणि समजवायचे, "चोरी कशाला लिहिता, कोर्टात फेऱ्या माराव्या लागतील. गहाळ झाले असे लिहा, लगेच दाखला देतो." दाखला मिळतो, विम्याचे काम होते, आणि ठाण्याच्या हद्दीत चोरी झालेलीच नसते.

मी हे बंद केले. काच फोडून नेलेली वस्तू गहाळ होत नसते. प्रत्येक तक्रारीवर चोरीचा गुन्हा दाखल करायला लावला. वरिष्ठांचा फोन आला.

"अहो, तुमच्या ठाण्याचा आलेख चढतोय. बैठकीत मी काय सांगू?"

"खरा आहे असे सांगा, साहेब."

"मग निदान आरोपी तरी दाखवा."

आरोपी कॉलनीने आधीच ठरवून ठेवला होता. सकाळी गाड्या धुणारा एक तरुण. तो ज्या वस्तीत राहतो, ती शहरात आजोबा-पणजोबांच्या काळापासून बदनाम. कुठेही सायकल गेली तरी आमची जीप आधी तिकडे वळायची. कॉलनीचे सचिव चार माणसे घेऊन माझ्यासमोर बसले.

"साहेब, कोणत्या गाडीत काय असतं हे त्यालाच माहीत. तुमचा खाक्या दाखवा, अर्ध्या तासात कबूल होईल."

"मीही होईन," मी म्हणालो. "मलाही तसं मारलं तर मीसुद्धा कबूल होईन."

त्या गुरुवारी सकाळीच मी तरुणाला चौकशीला बोलावले. दार उघडे ठेवले, फौजदाराला शेजारी बसवले. तो खुर्चीवर बसायलाच तयार नव्हता. शेवटी कडेवर टेकला.

"मागच्या गुरुवारी संध्याकाळी काच फुटली, तेव्हा कुठे होतास?"

"घरी हुतो साहेब. पर घरच्यांचं कोण खरं मानतंय?"

"काचा फोडल्यास का?"

"न्हाय. मी त्याच काचा पुसतो की. फोडल्या तर मला काम कुटलं?" मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे नेमणुकीचे पत्र. "सोमवारी हजर व्हायचंय. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितलाय. आमच्या वस्तीत कारखान्यात लागणारा मी पयला हाय, साहेब. तुमी नाव लिवलं तर संपलं की."

दाखल्यासाठीचा अहवाल माझ्याच टेबलावर पडून होता. गुन्ह्यात नाव आले तर तो अहवाल एकाच प्रकारे लिहिता आला असता. वरून दबाव, समोर कॉलनी, आणि हा मुलगा खुर्चीच्या कडेवर. मी त्याला घरी पाठवले. सचिव ठाण्याच्या पायरीवरच उभे होते. "सोडलात?" म्हणाले. "सोडला," मी म्हणालो, "धरलाच नव्हता."

दुपारी कॉलनीत पायी गेलो. गुन्ह्याच्या जागी अधिकाऱ्याने पायी जावे, हे माझे मत नोकरीभर कायम राहिले. जीपमधून फक्त फाटके दिसतात. प्रत्येक तक्रारदाराला एकच प्रश्न विचारला: काच फुटली तेव्हा तुम्ही कुठे होता? सगळे म्हणाले, दत्ताच्या आरतीला. कॉलनीच्या मधोमध छोटे दत्तमंदिर आहे आणि गुरुवारी झाडून सगळी घरे तिथे जमतात. पण गाड्यांना सायरन होते. मग एवढ्या माणसांत एकालाही कसा ऐकू आला नाही?

उत्तर एका गॅलरीत मिळाले. मूळच्या अक्कलकोटच्या एक आजी गुडघ्यांमुळे मंदिरात जात नसत, घरूनच हात जोडत.

"आजी, काच फुटल्याचा आवाज आला का हो?"

"अय्यो, काच कसली? ते मशीन सुरू झालं की आकाश कोसळलं तरी कळत न्हाय. नगारा, घंटा, झांजा, सगळं विजेवर. पूर्वी माणसं वाजवायची. आता माणसं हात बांधून उभी आणि मशीन बडवतंय." मग त्या जरा पुढे वाकल्या. "मागं एका गुरुवारी लाइट गेली हुती. लोकांनी टाळ्या वाजवून आरती केली. लई गोड वाटली. आणि त्या दिवशी चोरीबी झाली न्हाय की."

उतरताना मी जिन्यातच थांबलो. चोराला कॉलनी रिकामी हवी होती, पण त्याहून जास्त ते मशीन हवे होते.

संध्याकाळची तयारी केली. गल्ल्या अनेक, माणसे मोजकी. प्रत्येक गाडीमागे पोलीस उभा करणे शक्य नव्हते. म्हणून कानांवर काम सोपवले. दोन शिपाई आणि चालक साध्या कपड्यांत वेगवेगळ्या कोपऱ्यांवर. फौजदार मुख्य रस्त्यावर. महिला हवालदार पूजेचे ताट घेऊन मंदिरात, मशीनच्या बटणाजवळ. आरती सुरू झाली की थोडा वेळ मशीन चालू द्यायचे आणि मग एकदम बंद करायचे.

सचिव भडकले. "देवाची आरती मध्येच तोडणार? लोकांच्या भावना दुखावतील."

"आरती तोडत नाही, मशीन तोडतोय. टाळ्या वाजवा."

"मी वरपर्यंत तक्रार करीन."

"जरूर करा. लेखी करा. पोच देतो."

मशीन सुरू झाले आणि खरोखर शेजारच्या माणसाचे बोलणे कळेना. हवालदारबाईंनी बटण दाबले. नगारा मध्येच गप्प झाला. त्या शांततेत मागच्या गल्लीतून काचेचे तुकडे पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सायरन बोंबलू लागला. सगळ्यात आधी आमचा चालक पोचला. हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला एक इसम गाडीत अर्धा आत, अर्धा बाहेर होता. चालकाने बाहेरचा अर्धा धरला.

लोक जमले आणि त्यांनी त्याला ओळखले. हा तर मशीनवाला! आसपासच्या मंदिरांत आरतीची मशीने बसवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर. कुठे आरती कधी आणि किती वेळ, हे त्याला घरच्यासारखे माहीत. बेड्या पडल्या तरी त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता.

"मशीन बंद पडलंच कसं? वॉरंटीत हाय ते!"

हवालदारबाई म्हणाल्या, "दादा, मशीन चांगलं हाय. मीच बंद केलं."

पंचनामा झाला. त्याच्या गोदामात घंटा आणि नगाऱ्यांच्या खोक्यांमागे लॅपटॉप, पर्स सगळे सापडले. घरी जाण्याआधी मी तो चारित्र्याचा अहवाल लिहून सही केली. सोमवारी तरुण कारखान्यात हजर झाला. कॉलनीतून त्याच्याकडे माफी मागायला कुणी गेले नाही. आजींनी मात्र शेंगाचटणीचा डबा पाठवला.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. किरकोळ चोरी म्हणून जी आपण कागदावरून पुसतो, ती पुसली जात नाही. ती कुणातरी गरिबाच्या नावावर चढते. चोरी नोंदवली तर चोर शोधावा लागतो. नाही नोंदवली तर संशयितावर भागते. म्हणून वाचकांना सांगतो, कुणी गहाळचा दाखला पुढे केला तर सही करू नका. चोरी लिहून घेईपर्यंत ठाण्यातल्या खुर्चीवर बसून राहा.

एक काम मात्र राहिले आहे. मी चौकशीला बोलावण्याआधीच कॉलनीच्या तोंडी सांगण्यावरून आमच्या ठाण्याने त्या तरुणाचे नाव आणि फोटो संशयितांच्या नोंदीत चढवले होते. ते काढावे म्हणून मी नोकरीत असताना पत्रे दिली, निवृत्तीनंतर अर्ज केले. नाव तिथेच आहे. मध्यंतरी कुठे तरी बॅटरी चोरीला गेली, तर आमचेच दोन शिपाई त्याच्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभे राहिले.

परवा तो घरी आला होता. म्हणाला, "साहेब, सोडा की आता. किती फेऱ्या माराल?"

मी त्याला आधारकार्डाची प्रत आणि दोन फोटो घेऊन यायला सांगितले आहे. सोमवारी साडेदहाला आम्ही दोघे पुन्हा आयुक्तालयात जातोय.