अर्जातला परवा

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते आणि मोताळ्याच्या कचेरीबाहेर इंग्रजीत अर्ज लिहिणारा मी एकटाच होतो. शिक्षण सातवीपर्यंतच, तथापि माझा अर्ज हाती पडला की भले भले कारकून खुर्चीत सरळ बसत, हे नमूद करणे मी कर्तव्य समजतो.

एका बाजारच्या दिवशी एक विधवा बाई आली. तिचे घर अतिक्रमणात धरले होते आणि परवा सकाळी ते पाडायचे ठरले होते. बुलडाण्याचे मोठे साहेब परप्रांतातले, म्हणून स्थगितीचा अर्ज इंग्रजीत हवा. ‘डे आफ्टर टुमॉरो’ असे मी ऐटीत लिहिले. अर्ज दुसऱ्या दिवशी दाखल व्हायचा होता, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे वर तारीखही दुसऱ्याच दिवसाची टाकली.

सकाळी कच्च्या खर्ड्यावरून नक्कल वहीत उतरवताना हात थांबला. आजच्या तारखेच्या कागदावर ‘परवा’! साहेब एक दिवस जास्त मोजणार, अर्ज बाजूला ठेवणार आणि उद्या घर पडणार. बाई तर पहिल्याच गाडीने बुलडाण्याला गेली होती.

मी मागची एसटी धरली. राजूरच्या घाटात प्रत्येक वळणावर मला तिची भिंत कोसळताना दिसत होती.

बाई कचेरीच्या पायरीवर बसलेली. म्हणाली, “तुम्ही काऊन आले बाप्पा? अर्ज तं देल्ला म्या. बाबू म्हने, घाई नाई, उद्या पाहू.”

आत जाऊन मी त्या बाबूला चूक सांगितली.

“वा, अर्जनवीस साहेब! पंचांग घरीच विसरले काय?” तो म्हणाला आणि सारी कचेरी हसली.

“खुशाल हसा, पण कागद आत न्या. बाई उघड्यावर येईल.”

साहेबांनी मला समोर उभे केले. “टुमॉरो?”

“येस सर. टुमॉरो मॉर्निंग.” तो आवाज माझा आहे, हे मलाच पटेना.

स्थगितीचा हुकूम मिळाला. तरी भीती गेली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तिच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. पहारी घेऊन माणसे आली. मुकादमाने हुकूम वाचला, पुन्हा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि माणसांना माघारी वळवले.

बाईने बाज टाकली. “बसा आता. घर माहं हाय अन् तुम्ही काऊन थरथरून राह्यले?”