पहिलं पाणी

अमरावतीच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचभांडी धुता धुता डोमाजींची एकतीस वर्षं गेली. भांडं असं लख्ख, की त्यात कधी काही होतं हे कोणाला कळू नये. एका निळ्यानं मात्र त्यांना जेरीस आणलं होतं. पीएचडी करणाऱ्या पौर्णिमाची ती भुकटी, कोबाल्ट थॅलोसायनिन. त्यांच्या गावच्या, वलगावच्या बुद्धविहारावरच्या निळ्या झेंड्यासारखी गर्द. पाण्यात विरघळेना, साबणाला दाद देईना. तोराही केवढा! बेंझिल अल्कोहोलची ऑक्सिजनशी गाठ घालून द्यायची, त्याचं कडू बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड झालं की आपण होतो तसं बाजूला व्हायचं.

"एकच भुकटी पाचदा चालली पाहिजे, काका," पौर्णिमा सांगायची. चारदा चालली होती. पाचव्या खेपेवर तिचा सगळा प्रबंध अडला होता, आणि डोमाजी महिनाअखेरीला निवृत्त होणार होते.

सोमवारी ती जेवून आली, तर गाळणी चकाचक धुतलेली.

"काका, भुकटी तिच्यातच वाळून राहिली होती ना," ती म्हणाली आणि स्टुलावर बसूनच राहिली.

एकतीस वर्षांत डोमाजींचा हात पहिल्यांदा चुकला, तोही धुण्यातच. मग त्यांना बरणी आठवली. कधीकाळी कोणाच्या तरी ॲसिडनं मोरीचा पाइप खाल्ला, तेव्हापासून धुण्याचं पाणी बरणीत धरून ठेवायची त्यांची खोड, सगळे हसायचे.

"रडू नको, माय. पहिलं पाणी मी मोरीत सोडत नाई. साबणाच्या आधीचं हाय. अन् आज तुयाशिवाय कोनाचंच धुतलं नाई."

बरणीच्या तळाशी निळं निवांत बसलं होतं.

गाळून, वाळवून दुसऱ्या दुपारी पाचवी खेप लागली. चंबूत ऑक्सिजनचे बुडबुडे, डोक्यावर संथ पंखा. डोमाजींना डुलकी लागली. वलगावची काळी शेतं निळी झाली होती, आणि कोणीतरी ती धूत होतं, आणि ती जात नव्हती. त्यांना फार बरं वाटत होतं. कडू बदामाच्या वासानं ते जागे झाले.

"झालं तुयं," ते म्हणाले. तपासणीच्या मशीननं संध्याकाळी तेच सांगितलं.

पौर्णिमानं भुकटी काढून घेतली. रिकाम्या चंबूच्या तळाला निळं कडं उरलं होतं. डोमाजींनी सवयीनं तो नळाखाली नेला, आणि नळ न सोडताच फळीवर ठेवून दिला.

"हा एक राहू दे," ते म्हणाले. "मी होतो इथं, एवढं तरी दिसन."