भुताला छाती हवी होती

हातात काहीही आलं की मावशी आधी ते उजेडाला धरून बघायच्या. पालकाचं पान, विजेच्या बिलाचं पाकीट, मी नेऊन दिलेला उडदाचा पापडसुद्धा. डावा डोळा बारीक करून नीट बघायच्या आणि मगच "हं" म्हणायच्या. नोकरी सुटली तरी सवय न सुटलेलं असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल.

गारखेड्यातल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्याच राहत. सगळा जन्म सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेलेला. लोक त्यांना सिस्टर म्हणत आणि त्या दर वेळी न कंटाळता सुधारत, "सिस्टर नाय, टेक्निशियन." कुणी आजाराबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं. "फोटो काढणारी मी. सांगणारे डॉक्टर." फार आग्रह केला तर त्या सरळ दार लावून घेत. मला तो तुसडेपणा वाटायचा.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती. ऑक्टोबर संपता संपता मुलांनी हॅलोविनचा हट्ट धरला आणि सोसायटीच्या ग्रुपवर महाभारत सुरू झालं. घरात लक्ष्मी यायच्या दिवसांत भुतांना आमंत्रण कसलं, असं सेक्रेटरींनी चार चार वेळा लिहिलं. शेवटी मावशी पार्किंगमध्ये येऊन म्हणाल्या, "साफसफाई चाललीच हाय ना सगळ्यांची? जे फेकाल ते माझ्याकडं टाका. भुतं मी करते."

दोन दिवसांत त्यांचं घर बघण्यासारखं झालं. फाटक्या मच्छरदाणीची हडळ झाली, तिला नारळाच्या शेंड्यांचे केस. अंड्यांच्या ट्रेची वटवाघळं पंख्याला लटकली. मग त्यांना सांगाडा सुचला. गादीखाली जुने एक्स-रे कुणाच्या घरात नसतात? दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे आले, कुणाची कवटी आली, खुद्द सेक्रेटरींची कंबर आली. त्या कमरेवर बायकांनी एक अख्खी दुपार काढली.

मी यांचा खांदा नेऊन दिला. आमचे हे शाळेत गणित शिकवतात. श्रावणात स्कूटरवरून पडले होते, तेव्हाचा तो एक्स-रे. मावशींनी सवयीनं तो खिडकीकडे धरला, डावा डोळा बारीक केला. पण "हं" म्हणाल्या नाहीत.

बराच वेळ झाला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला तरी त्यांचा हात खाली येईना.

"सरांना खोकला हाय का?"

"आहे की. खडूचा. दीडेक महिना झाला असेल."

"वजन?"

यांच्या पट्ट्याला मी दोनदा नवं भोक पाडून दिलं होतं. ते आता आठवलं. "मावशी, काय दिसतंय?"

"फोटो काढणारी मी," त्या म्हणाल्या. पण आवाज रोजचा नव्हता. खांद्याच्या खालचा, छातीचा थोडा भाग आलेला कोपरा त्यांनी अंगठ्यानं झाकून धरला होता. "हाडाच्या डॉक्टरनं हाड बघितलं. कोपऱ्यात कशाला बघंल तो?"

"मग आजच यांना दवाखान्यात नेते."

"येतील?"

सासरे दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून हे दवाखान्याची पायरी चढत नव्हते. पडले तेव्हासुद्धा चौघांनी उचलून नेलं होतं.

मावशी खाली बसल्या. "नवी नवी हुते नोकरीला. पैठणकडचा एक माणूस आला. मी बोलून गेले, छातीत डाग दिसतोय म्हणून. चहा पिऊन येतो म्हणला." त्यांनी एक्स-रे उलटा करून मांडीवर ठेवला. "आजून येतोय."

त्यांचा तुसडेपणा कुठून आला, ते मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी हे शाळेतून आले तेव्हा पार्किंगमध्ये मुलांचा गराडा होता. मावशी मध्येच म्हणाल्या, "सर, समदं जमलं, पण भुताला छातीच नाय. तुमची लई रुंद हाय, शोभंल. उद्या चला, माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा हाय तिथं. दवाखाना नाय, नुसतं फोटोचं सेंटर."

मुलं ओरडायला लागली, "सर, प्लीज!" हे छाती फुगवून हसले आणि हसता हसता खोकायला लागले. मी भिंतीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सेंटरच्या बाकावर बसलो होतो. फोटो निघाला, तरी आम्हाला बसायला सांगितलं. यांचे विनोद आधी कमी झाले, मग बंद पडले. मावशींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता. डॉक्टरांनी आत बोलावलं, यांना खुर्ची दिली आणि छातीतला डाग दाखवला. दोन दिवसांनी थुंकीच्या तपासणीनं नाव सांगितलं. क्षय. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही.

हे मावशींच्या दारात जाऊन उभे राहिले. "भुताच्या नावाखाली फसवलंत मला. माझ्या बायकोला सामील करून घेतलंत. यापुढे माझ्याशी बोलायचं नाही."

"नाय बोलत," मावशी म्हणाल्या. "गोळ्या घ्या."

सांगाडा गेटवर तसाच लागला, छातीवाचून. मुलं चेकाळली. मला तिकडे बघवलं नाही.

यांनी शब्द पाळला. जिन्यात मावशी दिसल्या की हे मान वळवत. मावशीही पाळत होत्या, पण मी दूध घ्यायला उतरले की दारात उभ्या असत. "घेतली?" मी मान हलवायची. मग त्या आत जायच्या. खोकला थांबला, पट्टा पुन्हा पहिल्या भोकावर आला, हे शाळेत जायला लागले. तरी अबोला सुटला नाही. मी भांडले, रडले, उपयोग शून्य. गणिताचा मास्तर, उत्तर चुकलं तरी पायऱ्या खोडणार नाही.

शेवटचा महिना उरला होता. एका सकाळी मी खाली उतरले तर मावशींचं दार बंद. झोपेतच गेल्या होत्या.

हे अर्धवट दाढी पुसून खाली धावले. सासरहून त्यांची मुलगी येईपर्यंत सगळं यांनीच बघितलं, डॉक्टरांच्या दाखल्यापासून लोकांच्या चहापर्यंत. दुपारी सगळं उरकून आले, आंघोळ केली आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले.

"त्यांना ठाऊक होतं का? मी गोळ्या घेतो ते?"

"रोज विचारायच्या."

"आणि मी बोलत नाही त्यावर काय म्हणायच्या?"

मला खोटं बोलायची गरज नव्हती. "म्हणायच्या, आजून चिडलेलेच हायत ना? बरं हाय. ताकद आली म्हणायची."

त्या दिवशीची गोळी सकाळच्या गडबडीत राहून गेली होती. हे उठले, पेल्यात पाणी घेतलं आणि ती घेतली.