फ्रान्सिस्कनांचा सरळ किरण

सलग पाच वर्षं मी एका माणसाचे डोळे तपासले आणि पाचही वेळा ते उत्तम आहेत असं लिहून दिलं. सहाव्या वर्षी तो माणूस आंधळा झाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे कुठे मी गंमत केली तर वाचणाऱ्याने तिच्यात फार रमू नये.

तेव्हा मी मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, एका चष्म्याच्या दुकानात कामाला होतो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नागपूरला ऑप्टिशियनचा एक वर्षाचा कोर्स करून मी बहरीनला आलो होतो आणि अख्ख्या बेटाची दृष्टी आपल्याच भरवशावर आहे अशा तोऱ्यात वावरत होतो. दुकान फार आखूड होतं. तपासणीला लागतं तेवढं अंतर तिथे मिळतच नसे, म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगला होता आणि त्याने तो समोरच्या आरशात वाचायचा होता. नवीन माणूस हमखास मागे वळून बघे. मग मी आधी हिंदीत, मग तोडक्या अरबीत समजावायचो आणि शेवटी त्याची मान धरून पुढे वळवायचो.

तो माणूस म्हणजे अंकल. ते पहिल्यांदा आले ते चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून. पन्नाशी ओलांडलेले, वसईकडचे कॅथलिक, एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून. बायको गावी, मुलगी लग्न होऊन गेलेली. मी मराठी आहे हे कळल्यावर ते स्टुलावर बसले आणि स्क्रू बसवून झाला तरी उठले नाहीत. दुपारी एक ते चार सूक बंद असे. आम्ही शटर अर्धं खाली ओढायचो आणि आतल्या खोलीत, भिंग घासायच्या मशीनशेजारी, दुधाशिवायचा चहा पीत बसायचो. अंकलची शिफ्ट दीडला सुटे. आठवड्यातून तीन दुपारी तरी ते यायचेच.

तरुणपणी तीन वर्षं ते फ्रान्सिस्कनांच्या मठात होते. वडील वारले, पाठची चार भावंडं होती, म्हणून झगा उतरवून नोकरीला लागले. पण तिथल्या एका म्हाताऱ्या फादरने त्यांना एक वेड लावून दिलं होतं, ते काही उतरलं नाही. सातशे वर्षांपूर्वीचे काही फ्रान्सिस्कन प्रकाशाचा अभ्यास करायचे. अनवाणी चालणारे, कमरेला दोरी बांधणारे, भिक्षेवर जगणारे ते लोक. भिक्षा म्हटल्यावर मी कान टवकारले.

“म्हणजे आमचे भिक्खूच की,” मी म्हणालो.

“तुझे भिक्खू डोळे मिटून बसतात. हे उघडे ठेवून बसायचे,” अंकल म्हणाले. असे टोले ते आरामात मारत आणि मी आरामात घेत असे. आमच्या बौद्ध घरी देव नाही, त्यांच्या घरी एकाचे तीन, यावरून तर आमची रोजच जुंपायची.

त्या मंडळींच्या डोक्यात काय होतं ते मला अंकलकडूनच कळलं, त्यामुळे जेवढं कळलं तेवढंच सांगतो. देवाने सगळ्यात आधी प्रकाश केला आणि त्या प्रकाशाच्या पसरण्यातूनच बाकीचं जग तयार झालं, असं त्यांच्या एका गुरूने शिकवलं होतं. मग प्रकाश कसा चालतो हे मोजता आलं, तर देव कसा चालतो याचाही अंदाज यायला हवा. म्हणून हे लोक आरसे, पाण्याने भरलेली काचेची भांडी आणि भिंगं घेऊन बसत. त्यातल्या एका इंग्रज साधूने लिहून ठेवलं होतं की काचेच्या गोळ्याचा तुकडा अक्षरांवर ठेवला तर ती मोठी दिसतात आणि म्हाताऱ्या माणसांना उपयोग होईल. हे ऐकलं त्या दिवशी मी घासायला आलेली एक जाड काच अरबी पेपरवर ठेवून पाहिली. रोज हाताळलेली वस्तू, पण त्या दुपारी मला तिचा अभिमान वाटला. त्याच साधूला पुढे त्याच्याच वरिष्ठांनी लिहायची बंदी केली आणि कोंडून ठेवलं असंही म्हणतात. हे सांगताना अंकलचा आवाज चढायचा.

मला जास्त आवडला तो दुसराच. या सगळ्यांच्या आधी बसऱ्याचा एक अरब विद्वान होऊन गेला होता. डोळ्यातून काही बाहेर जात नाही, प्रकाशच वस्तूवरून डोळ्यात येतो, हे त्याने सांगितलं आणि फ्रान्सिस्कनांनी त्याचंच पुस्तक वाचून आपलं शास्त्र उभारलं. बसरा आमच्याच समुद्राच्या वरच्या टोकाला. तिकडच्या लढाईत पेटलेल्या तेलविहिरींचा काळा धूर नुकताच आमच्या आभाळातून गेला होता. इंग्रज साधूचं म्हणणं मात्र असं की प्रकाश आत येतो हे खरं, पण डोळाही आपली काही शक्ती बाहेर पाठवतो, तिच्याशिवाय पाहणं पुरं होत नाही. अंकल साधूच्या बाजूचे, मी बसऱ्याच्या. सातशे वर्षांपूर्वीचं भांडण आम्ही आमचंच असल्यासारखं भांडायचो.

अंकल हे सगळं एका जाड वहीत मराठीत लिहीत होते, गावच्या चर्चच्या मासिकासाठी. सखीरच्या विद्यापीठातला एक ओळखीचा प्राध्यापक त्यांना पुस्तकांच्या झेरॉक्स काढून द्यायचा. सुट्टीच्या दिवशी ते वाळवंटातून तिथवर जात आणि गठ्ठा छातीशी धरून परत येत. ती वही पुरी करायची, मग नोकरी सोडून गावी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी डोळे हवेत म्हणून दर वर्षी जानेवारीत ते माझ्याकडून तपासून घेत. आरशातल्या तक्त्यातली सगळ्यात बारीक ओळ ते एकही अक्षर न चुकता वाचत. “यल्ला, चल, आणखी बारीक आण,” म्हणत. “साधूने लिहिलंय, सरळ पाहणं देवाचं, वाकल्या किरणाने पाहणं देवदूतांचं आणि आरशातून पाहणं माणसाचं. तुझ्या दुकानात आपली पायरी बरोबर कळते,” असंही म्हणत. मी कार्डावर ‘उत्तम’ लिहायचो.

चौथ्या वर्षापासून काही गोष्टी घडत होत्या. बाजूने पुढे केलेला चहाचा ग्लास त्यांना दिसायचा नाही. आतल्या खोलीच्या दाराला त्यांचा उजवा खांदा दर वेळी लागायचा. शटरखालून येताना त्यांनी दोनदा डोकं आपटलं. “काऊन अंकल, चर्चमधून थेट आलात का वाइन पिऊन?” मी विचारायचो आणि ते हसायचे. हॉस्पिटलात खालच्या रांगेतल्या फायली सापडत नाहीत म्हणून साहेब ओरडला, तेही त्यांनी मला सांगितलं होतं. त्यावर मी तुमचा साहेबच आंधळा आहे असं काहीतरी बोललो असेन.

मग ती दुपार आली. अंकल सखीरहून नवीन झेरॉक्स घेऊन आले होते आणि फार खुशीत होते. डोळ्यावर चारी बाजूंनी किरण येतात, पण जो काटकोनात, सरळ आत शिरतो तोच बलवान. बाजूचे तिरपे किरण वाकतात आणि दुबळे होतात, खरं पाहणं त्या सरळ किरणानेच होतं, असं साधूने आकृती काढून दाखवलं होतं. अंकलना त्यात सगळा धर्म दिसत होता. एकाकडेच बघायचं, बाकीचं आपोआप फिकं पडतं.

मी म्हणालो, फिकं पडतं, पण नाहीसं होत नाही. बाजूची हालचाल चांगली दिसते, नाहीतर रस्ता कोणी ओलांडलाच नसता.

“मला तर काही दिसत नाही बाजूचं,” अंकल म्हणाले.

“दाखवतो ना.” मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो. एक डोळा झाका, दुसऱ्याने माझ्या नाकाकडे बघा, बोट दिसलं की सांगा. मग मी त्यांच्या कानामागून बोट हलवत हलवत पुढे आणायला लागलो. कान गेला. गाल गेला. माझ्या स्वतःच्या डोळ्याला ते बोट केव्हापासूनच दिसत होतं. अंकल “मफी, मफी”, नाही नाही, म्हणत होते. बोट जवळजवळ माझ्या नाकाशी आलं तेव्हा ते म्हणाले, “हां, आता.” दुसऱ्या डोळ्याचंही तेच झालं.

अंकलचा चेहरा असा खुलला होता की काय सांगू. “बघ, जिंकला माझा साधू. दे टाळी.”

मी टाळी दिली.

ही तपासणी मला कोर्समध्ये शिकवली होती. भिंगाशिवाय, मशीनशिवाय, नुसत्या बोटाने करायची, आणि कशासाठी करायची तेही शिकवलं होतं. काचबिंदूत डोळ्याची नस कडेकडून मरत येते. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, माणूस तक्ता खडाखडा वाचतो आणि त्याला स्वतःलाही काही कळत नाही. अक्षरांचा तक्ता म्हणजे फक्त सरळ किरणाची परीक्षा, आणि मी पाच वर्षं तेवढीच घेत आलो होतो. बोट नाकाशी येईस्तोवर दिसलं नाही तेव्हा माझ्या मनात तो शब्द आला. आला नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं, पण आला होता. त्याच क्षणी समोर टाळीसाठी हात आला. मी वाद हरलो होतो आणि त्या हरण्यात मजा होती. आपल्या माणसाच्या आनंदावर पाणी ओतायचं जिवावर आलं. वयामुळे असेल, सदा वहीत डोकं असतं त्यामुळे असेल, पुढच्या वेळी बघू, असं करत ते राहून गेलं. पुढच्या जानेवारीत मी पाचव्यांदा ‘उत्तम’ लिहिलं.

त्या टाळीनंतर दीड वर्षाने अदलिया भागात रस्ता ओलांडताना अंकलना गाडीने उडवलं. पाय मोडला. गाडी डावीकडून सरळ रस्त्याने आली होती, दिवसाढवळ्या, आणि अंकल म्हणत होते, ती आलीच नाही, एकदम होती. हे ऐकून हाडांच्या डॉक्टरने डोळ्यांच्या डॉक्टरला बोलावलं. मी भेटायला गेलो तेव्हा तो बाहेरच उभा होता. दोन्ही डोळ्यांच्या नसा जवळजवळ संपल्यात, म्हणाला. दीड-दोन वर्षांपूर्वी आले असते तर नुसत्या औषधाच्या थेंबांवर निभावलं असतं. हे दर वर्षी चष्म्याच्या दुकानात जात होते म्हणतात, तिथल्या माणसाने कधी डॉक्टरकडे पाठवलं नाही का? मी म्हणालो, माहीत नाही.

पाय जुळेपर्यंत अंकलचा मधला उजेडही विझत गेला. व्हिसा रद्द झाला. एअरपोर्टवर चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी माझा हात धरला होता आणि वहीची तीन प्रकरणं राहिली एवढंच म्हणाले. मी तोंड उघडलं नाही. लाज आणि भीती यातलं काय जास्त होतं ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या वर्षीच्या लीव्हवर मी नागपूरला जायच्या आधी वसईला उतरलो. मुसावादापासून, म्हणजे खोटं बोलण्यापासून, दूर राहीन असं आम्ही लहानपणापासून रोज म्हणतो, आणि ते ‘माहीत नाही’ माझ्या डोक्यातून जात नव्हतं. सांगून टाकलं की मोकळं होऊ, असा माझा हिशेब होता. अंकल पडवीत आरामखुर्चीत होते. अंगाने भरले होते, दाढी केलेली, चेहऱ्यावर शांतता. काकींनी मला जेवायला वाढलं आणि परदेशात यांना तुमचाच आधार होता म्हणाल्या. अंकलनी तर शेजाऱ्याला हाक मारून माझी ओळख करून दिली: दर वर्षी माझे डोळे तपासायचा तो हाच.

शेजारी गेल्यावर मी सांगितलं. बोटाची तपासणी कशासाठी असते ते सांगितलं. माझ्या मनात काचबिंदू हा शब्द आला होता, हेही सांगितलं.

आतून काकींच्या भांड्यांचा आवाज येत होता.

“आला होता? नक्की?”

“हो अंकल.”

“मग तू आज का सांगितलंस?”

“खरं सांगायला पाहिजे म्हणून.”

“कोणाला पाहिजे होतं?” त्यांनी आवाज चढवला नाही. “इतके दिवस मी रोज सकाळी देवाला म्हणायचो, उजेड तूच दिलास, तूच नेलास. फार रडलो होतो सुरुवातीला, पण मग जमलं. त्याच्याशी माझं काही भांडण राहिलं नव्हतं. आता तू सांगतोस, त्याने नेलाच नाही. आपण दोघांनी टाळी देऊन घालवला. मग उद्या सकाळी मी काय म्हणू?”

मोकळं व्हायला मी आलो होतो आणि त्यांच्याकडे उरलं होतं तेवढंही घेऊन निघालो होतो. काकी चहा घेऊन बाहेर आल्या, तर अंकल म्हणाले, याला गाडीला उशीर होतोय, याचा कप परत ने. मी उठलो, त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन “येतो अंकल,” म्हणालो आणि थांबलो. त्यांनी ‘ये’ म्हटलं नाही.