माहेरी आलीस का?

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे. थकलोय, एवढंच.

भिलाईत मी आता डॉक्टरांना शिकवतो — ओपीडीत बसून रेसिडेंटना, म्हणजे आमच्या शिकाऊ डॉक्टरांना, कसं शिकवावं ते. आधी त्यांना बोलू द्या. पेशंटसमोर पाणउतारा करू नका. सगळे माना डोलवतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण — दुसरं काय?

वैशाली माझी रेसिडेंट होती, गोंदियाची. एकदा सेक्टर दहामधल्या एक काकू आल्या. शुगरच्या पेशंट, इन्सुलिनवर. चक्कर येते म्हणाल्या. आमची ओपीडी हिंदीत चालते. पण काकू मराठी निघाल्या आणि वैशालीनं खुर्ची जवळ ओढली. 'काकू, उपास-तापास करता का तुमी?' बाहेर ही रांग. मी सगळ्यांदेखत तिच्याच गोंदियाच्या बोलीत म्हणालो, 'कावून वं, माहेरी आलीस का गप्पा माराले?' लोक हसले. मला बरंही वाटलं — खोटं कशाला बोलू? तिनं खुर्ची मागे सरकवली. मी चक्करेची गोळी लिहून दिली.

दोनच दिवसांनी काकूंना बेशुद्ध आणलं. उपासालाही इन्सुलिन घेत होत्या, पोटात अन्नाचा कण नाही, शुगर पार उतरलेली. वाचल्या त्या. पण विभागाच्या मीटिंगमध्ये प्रश्न निघालाच — उपासाचं कोणीच कसं विचारलं नाही? मी म्हणालो, रेसिडेंटनं नीट विचारपूस केली नाही.

एक वाक्य. खरं सांगायला असं काय लागणार होतं? वैशाली समोरच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे त्याबद्दल कधी बोलली नाही — आणि पेशंटजवळ खुर्चीही कधी ओढली नाही.

आता ती आमच्याकडेच मोठी डॉक्टर आहे. गेल्या महिन्यात तिचं शिकवणं बघायला मी तिच्या ओपीडीत कोपऱ्यात बसलो होतो. तिची रेसिडेंट एका म्हातारीशी छत्तीसगढीत बोलत होती, घरचं काहीबाही विचारत होती. वैशालीनं मान वर न करताच म्हटलं, 'मायके आई हो क्या?' पोरीनं विचारणं सोडून बीपीचा पट्टा उचलला.

ओपीडी संपल्यावर वैशालीनं मला विचारलं, 'सर, माझं काही चुकून राहिलं का?'

'नाही,' मी म्हणालो. 'छान शिकवतेस.'